घडवणाऱ्याचीही नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ मेच्या जागतिक संग्रहालय दिनाच्या सुमारास आपल्याकडच्या संग्रहालयांवर लेख येतात. वस्तू किती जुनी, कोणत्या घराण्यातून आली, कोणी जमवली, हे सगळे त्यांत वाचायला मिळते. ती घडवली कोणी आणि कशी, यावर मात्र सहसा ओळही नसते. या उणिवेकडे आपले आणि वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

उदाहरण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच घेतो, कारण त्या संग्रहावर माझा फार जीव आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना मोठी साथ होती. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते सारे राज्य सरकारच्या स्वाधीन केले. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. केळकरांची दृष्टी तलवारी आणि सिंहासनांपुरती नव्हती. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, फण्या, टाचा घासायच्या वज्री, पानाचे डबे, म्हणजे माजघरात आणि ओसरीवर रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू त्यांनी जपल्या. एरवी त्या मोडीत गेल्या असत्या आणि वितळून कुठल्या तरी नव्या पत्र्यात मिसळल्या असत्या. महाराष्ट्राने त्यांचे हे ऋण कायम मानावे.

आता त्यातला एखादा अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. मूठ पितळेची, मोराच्या किंवा जोडप्याच्या आकारात ओतलेली. पाते लोखंडाचे, धार टिकेल असे. म्हणजे एका हाताएवढ्या वस्तूत ओतकाम आणि लोहारकाम अशी दोन कसबे एकत्र आली आहेत, आणि दोन्हींचा मेळ एका खिळीवर बसला आहे. ती खिळी सैल असती तर सुपारी नुसती चिरडली असती, घट्ट असती तर हात दुखला असता. वज्रीचेही तसेच. वरच्या अंगाला हत्ती, मोर, पोपट, आणि तळाला टाच घासण्यासाठी काढलेल्या आडव्या-उभ्या चरा. शोभा आणि उपयोग एकाच ओतीत सांभाळणारा तो ओतारी कोण होता, कुठल्या गावचा होता? ‘वज्री, पितळ, अठरावे शतक’ एवढ्या चिठ्ठीने त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मी कसबा पेठेत वाढलो. तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट या आळीत स्थिरावले आणि त्यांचे मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे काम, ही पुण्याची ओळख झाली. तांब्याचा पत्रा आधी तापवून मऊ करायचा, त्याला आकार द्यायचा, आणि मग थंड भांड्यावर हातोडीचा ठोका ठोक्याला लागून, ओळीने, सारख्या जोराने मारत जायचे. बघणाऱ्याला वाटते ही नक्षी आहे. ती नक्षी आहेच, पण त्या प्रत्येक ठोक्याने धातू घट्ट आणि कणखर होत जातो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने काठोकाठ भरला तरी त्याला पोचा पडत नाही. एक ठोका चुकला की उन्हात धरल्यावर लगेच दिसतो. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाला जुने घंगाळ दाखवले, तर हात किती तयार होता, पत्रा कितीदा तापवला, सांधा कुठे घेतला, हे तो बोटे फिरवून सांगू शकतो.

कल्हईचीही अशीच गोष्ट आहे. आतून कथलाचा हात दिलेला असेल तर ते भांडे स्वयंपाकाचे, कारण बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो. कल्हईचा मागमूसच नसेल तर ते बहुधा पाण्याचे. दोन भांडी दिसायला सारखी, पण एक चुलीवरचे आणि एक न्हाणीघरातले. हे ज्ञान आज कल्हईवाल्यांपाशी आहे, आणि आता कल्हईची हाळीसुद्धा क्वचितच ऐकू येते.

आपल्या घरातल्या जुन्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. कोणाच्या मुंजीत दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, आहेर कोणी केला. माझ्या आजीच्या कळशीवर तिच्या माहेरचे नाव आहे. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे; घडवणाऱ्याचे नाव मी आजवर एकाही भांड्यावर पाहिलेले नाही. समाजाने तेव्हा ते लिहिले नाही. निदान संग्रहालयांनी तरी तीच रीत पुढे चालवू नये, असे मला कळकळीने वाटते. एका माणसाचे नाव मिळणार नाही हे मान्य. पण गाव, आळी, कामाची पद्धत, हत्यारे, धातू कुठून येई, एवढे तर लिहिता येईल.

हे अशक्य नाही, हे सावंतवाडीने दाखवले आहे. तिथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, जवळजवळ संपत आली असताना तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. स्वतः हातात कुंचला घेतला, नव्या हातांना शिकवले. आज राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये जुन्या वस्तू आहेत आणि तिथेच चित्रकार गोल पाने रंगवत बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. कापडाला चिंचोक्याची खळ देण्यापासून लाखेच्या झिलईपर्यंतचे काम समजून घेतले, की काचेमागचा जुना संच वेगळाच दिसू लागतो. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला नुसत्या चिठ्ठीवर समाधान मानणे कठीण जाते.

म्हणून पुरातत्त्व खात्याला आणि राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक संग्रहालयांना माझी विनंती आहे की, धातू, लाकूड, विणकाम, लाखकाम यांतल्या जाणत्या कारागिरांना मानधन देऊन संग्रहात बोलवावे. कोठारात ठेवलेल्या वस्तू त्यांच्या हातात द्याव्यात आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे. हे काम सवडीने करण्याचे नाही. आळीतली म्हातारी माणसे थकली आहेत आणि त्यांची मुले इतर नोकऱ्यांत आहेत, यात त्यांचा दोष नाही. सूचीत आणि फलकावर, ‘माहिती देणार’ म्हणून त्या कारागिराचे नाव जरूर छापावे. फलक मराठीत, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत असावेत. नोंद चुकली तर दुसरा कारागीर ती दुरुस्त करेल. नोंदच नसेल तर दुरुस्त तरी काय करणार?

आपल्या वृत्तपत्रालाही यात हातभार लावता येईल. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला संग्रहालयातल्या एका वस्तूचे छायाचित्र द्यावे आणि वाचकांना विचारावे की, अशी वस्तू तुमच्याकडे कोण करत असे, कुठे, कशी. कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून पत्रे येतील याची मला खात्री आहे. ती संग्रहालयाकडे पोहोचवण्याची व्यवस्था आपण करावी. सुरुवात अडकित्त्यापासून केलीत, तर ओतकाम करणाऱ्या दोन-तीन घरांशी आपल्या प्रतिनिधीची गाठ मी घालून देईन.

आपला,
कसबा पेठेतील एक वाचक, पुणे