लेबल कॅमेऱ्याकडे: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

चौदा वर्षांखालच्या मुलामुलींना मी धावायला शिकवतो. मागच्या हंगामातल्या एका स्पर्धेत माझी एक मुलगी आठशे मीटरमध्ये दुसरी आली. हात गुडघ्यांवर, धाप लागलेली. व्हिक्टरी स्टँडवर चढायच्या आधी प्रायोजकाचा टी-शर्ट घातलेला एक तरुण पुढे आला, तिच्या हातात थंडगार बाटली दिली आणि हळूच म्हणाला, "आत्ता पिऊ नकोस. लेबल कॅमेऱ्याकडे ठेव." तिने ठेवलं. फोटो छान आला. खाली उतरल्यावर तिने मला विचारलं, "सर, पाणी कुठे आहे?" पाण्याचं पिंप मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, कार्यालयाच्या मागे.

त्या तरुणावर माझा राग नाही, तो नेमून दिलेलं काम करत होता. कंपनीनेही कराराबाहेर काही केलं नाही. पण त्या करारावरची दुसरी सही आपल्या खात्याची मान्यता असलेल्या क्रीडा संघटनेची होती, म्हणून हे पत्र कंपनीला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

शीतपेयं आणि खेळ यांची सोयरीक जुनी आहे. 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला अमेरिकेचा संघ गेला, तेव्हा त्याच्याबरोबर कोका-कोलाच्या एक हजार पेट्या गेल्या. तेव्हापासून ही कंपनी ऑलिंपिकला धरून आहे. पण नुसतं सोबत जाणं वेगळं आणि खेळाच्या जोरावर देशामागून देश काबीज करणं वेगळं. हे दुसरं कसं झालं, ते फुटबॉलमध्ये स्वच्छ दिसतं.

1974 मध्ये ब्राझीलचे जोआओ हॅवलांज फिफाचे अध्यक्ष झाले. निवडून येण्यासाठी त्यांनी आफ्रिका आणि आशियातल्या देशांना बरंच काही कबूल केलं होतं. तरुणांची विश्वस्पर्धा, प्रशिक्षकांची आणि पंचांची शिबिरं, विश्वचषकात जास्त जागा. फिफाच्या तिजोरीत त्यासाठी पैसे नव्हते. आदिदास घराण्यातले होर्स्ट डास्लर आणि इंग्लंडचे पॅट्रिक नॅली यांनी मग कोका-कोलाला गाठलं. 1977 मध्ये ट्युनिशियात तरुणांची पहिली विश्वस्पर्धा झाली आणि तिच्या चषकाला नाव मिळालं कोका-कोलाचं. पुढच्याच वर्षापासून ही कंपनी विश्वचषकाचीही अधिकृत प्रायोजक झाली. आज जागतिक क्रमवारीत आपला देश कितवा, हे आपण ज्या यादीत बघतो, तिच्या अधिकृत नावातसुद्धा हा ब्रँड आहे.

ट्युनिशियाच का, असा प्रश्न पडला तर या धंद्याची रचना बघावी लागते. मूळ कंपनी बहुतेक ठिकाणी फक्त अर्क विकते. त्यात पाणी, साखर आणि गॅस घालून बाटल्या भरायच्या आणि ट्रकने दुकानोदुकानी पोचवायच्या, हे काम त्या त्या देशातला बॉटलर करतो. त्या बॉटलरला नव्या गावात गाडी पाठवायला, नव्या दुकानात फ्रीज ठेवायला काहीतरी निमित्त लागतं. दूरचित्रवाणीवरची जाहिरात ते देत नाही. गावात फुटबॉलचं शिबिर लागलं, चषक मिरवत आला, की निमित्त आयतं मिळतं. 2006 पासून विश्वचषकाची ट्रॉफी जगभर फिरवली जाते, तीही याच कंपनीच्या खर्चाने. लोक चषकाबरोबर फोटो काढायला रांगा लावतात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तहान लागतेच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करतो. त्या शिबिरांतून खरोखरच प्रशिक्षक तयार झाले, पंच तयार झाले. जे काम सरकारांनी करायला हवं होतं, ते कोल्ड्रिंकवाल्यांनी केलं. आमच्या चेस्ट नंबरचा, पदकांचा आणि मांडवाचा खर्चही प्रायोजकच करतो, हे मला माहीत आहे. म्हणून "हाकला यांना" एवढंच सांगून मी मोकळा होणार नाही.

ऑलिंपिकची गोष्ट तर आणखी गमतीची. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचं कर्ज फेडायला 2006 उजाडलं. 1984 ला लॉस एंजेलिसने मोजकेच प्रायोजक घेतले, प्रत्येक प्रकारच्या मालाला एकच कंपनी हे सूत्र ठेवलं आणि वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक दाखवली. ऑलिंपिक समितीने हेच सूत्र 1985 मध्ये जागतिक केलं आणि पहिल्याच फळीत कोका-कोला आली. आता गंमत अशी, की ऑलिंपिकच्या मैदानात जाहिरातीचे फलक लावायला बंदी आहे. मग एवढे पैसे कशाचे? प्रतिस्पर्धी आत येणार नाही, याचे. आत विकलं जाणारं पेय एकाच घरचं, पाच कड्यांचं चिन्ह आपल्याच बाटलीवर, मशाल गावोगाव नेताना आपलीच गाडी पुढे. फलक कोण वाचतो? पण आयुष्यात एकदा हातात आलेली मशाल कोण विसरेल?

जागा बळकावण्याचा हा खेळ आपण सगळ्यांनी अगदी जवळून पाहिलेला आहे. 1977 मध्ये भारत सोडून गेलेली कोका-कोला 1993 मध्ये परतली आणि 1996 च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत पेय झाली. पेप्सीने त्यावर "नथिंग ऑफिशियल अबाउट इट" म्हणत अख्खी मोहीम उभी केली. अधिकृत कोण होतं हे आज आठवावं लागतं, टोमणा मात्र तोंडपाठ आहे. स्पर्धा एक, पैसे भरणारा एक, आणि तरी दोन्ही पेयं घराघरात. अशा भांडणात तहान कोणाची वाढते, हे सांगायला नको.

रेड बुल या एनर्जी ड्रिंकवाल्या कंपनीने तर भाड्याने जागा घेण्याची भानगडच ठेवली नाही, घरंच विकत घेतली. 2004 मध्ये फॉर्म्युला वनचा जग्वार संघ, 2005 मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा फुटबॉल क्लब. साल्झबुर्गला क्लबचे जांभळे-पांढरे रंगच बदलले. चिडलेल्या चाहत्यांनी वेगळा क्लब काढून जुने रंग जपले. 2009 मध्ये जर्मनीत लाइपझिगचा क्लब उभा करायचा होता, पण तिथे क्लबला कंपनीचं नाव देता येत नाही. मग नाव ठेवलं 'रासेनबालस्पोर्ट', म्हणजे हिरवळीवरचा चेंडूचा खेळ. असा शब्द जर्मन माणूस एरवी बोलत नाही. पण आद्याक्षरं बघा: आर आणि बी. महोदय, आपण नियम कराल तेव्हा हा शब्द मसुद्याच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा. नुसत्या नावावर बंदी घातली, तर रंग, आद्याक्षरं आणि बाटलीचा आकार शिल्लक राहतोच.

जून 2021 मध्ये फुटबॉलच्या युरो स्पर्धेच्या पत्रकार परिषदेत क्रिस्तियानो रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या दोन बाटल्या बाजूला सारल्या आणि पाण्याची बाटली उंचावली. कंपनीचे चार अब्ज डॉलर बुडाले, अशा बातम्या त्यावर झळकल्या. तो हिशेब कच्चा होता. शेअर त्याआधीच घसरायला लागला होता, आणि लाभांशामुळे भाव खाली येण्याचा दिवसही नेमका तोच होता. मला त्यापेक्षा पुढच्या दोन-तीन दिवसांतली घटना महत्त्वाची वाटते. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने संघांना आठवण करून दिली, की प्रायोजकांशी केलेले करार पाळायचे असतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूच्या संघालाही ही आठवण ऐकून घ्यावी लागते. मग माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने "मला हातात बाटली नको" असं कोणाला सांगायचं?

आता बाटलीत काय आहे ते बघू. साध्या कोलाच्या 330 मिलीलिटरच्या कॅनमध्ये सुमारे 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी उष्मांक यावेत, पाच टक्क्यांच्या खाली राहिलं तर उत्तम. मोठ्या माणसासाठी ही पाच टक्क्यांची मर्यादा साधारण 25 ग्रॅमवर येते. म्हणजे एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा ओलांडला. "हे तर स्पोर्ट्स ड्रिंक आहे" असंही मला ऐकवलं जातं. गेटोरेड 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात जन्मलं, तेही तासन् तास उन्हात घामाघूम होणाऱ्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी. तीन मिनिटांत शर्यत संपवणाऱ्या मुलीला पाणी पुरतं. बिनसाखरेच्या प्रकाराचं म्हणाल, तर त्यावरही नाव तेच असतं, आणि फोटोत नावच दिसतं.

तंबाखू आणि कोल्ड्रिंक एका पारड्यात घालण्याइतका मी भाबडा नाही. पण सिगारेटचे पैसे गेले तर खेळ बंद पडतील, असं एकेकाळी गंभीर चेहऱ्याने सांगितलं जात होतं. 2005 मध्ये युरोपीय संघात ते प्रायोजकत्व बंद झालं. फॉर्म्युला वन आजही धावते आहे. (त्यातला एक नावाजलेला संघ एनर्जी ड्रिंकवाल्यांचा आहे, हे वर सांगितलंच. मोकळी झालेली जागा कोणीतरी भरतोच. आधी आपण भरली तर बरं.)

ती जागा भरायचे पैसे कुठून आणायचे, याचं एक उदाहरण तयार आहे. ब्रिटनने 2018 पासून साखरेच्या पेयांवर कर लावला. त्या उत्पन्नाच्या भरवशावर आधीच्याच वर्षी इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांचं खेळाचं अनुदान वर्षाला 16 कोटी पौंडांवरून 32 कोटी केलं. बऱ्याच कंपन्यांनी कर टाळायला पेयांतली साखरच कमी केली. पैसा त्याच धंद्यातून आला, पण मुलांच्या छातीवर कोणाचं नाव न लावता आला. असा कर अर्थखात्याकडून मागायची आपल्याला पूर्ण मुभा आहे, आणि आपण मागितला तर तो आरोग्यखात्याच्या मागणीपेक्षा वजनदार ठरेल, असं मला वाटतं.

दुसरं काम त्याहून सोपं आहे आणि ते आपल्याच टेबलावर आहे. मुलं जिथे जमतात त्या जागा, शाळा आणि मैदानं, तिथल्या खेळांसकट, जास्त साखरेच्या पदार्थांच्या जाहिरातीपासून मुक्त ठेवाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या शिफारशींत स्पष्ट लिहिलं आहे. संघटनांना मान्यता देताना आणि अनुदान सोडताना एवढी एक अट घाला: अठरा वर्षांखालच्या स्पर्धेत साखरेच्या पेयाचं किंवा एनर्जी ड्रिंकचं नाव, रंग, बाटली काहीही खेळाडूच्या अंगावर किंवा हातात असणार नाही. करार लोकांना वाचता येतील असे जाहीर करा. आणि पाण्याचं पिंप शर्यत संपते त्या रेषेपाशी ठेवा. यासाठी कर लागत नाही, दोन माणसं लागतात.

पुढच्या हंगामाचं परिपत्रक कालच हाती आलं. त्यात तेरावं कलम आहे: बक्षीस समारंभात विजेत्यांनी प्रायोजकाचं उत्पादन हातात धरणं बंधनकारक राहील. नावं देण्याची मुदत या महिनाअखेर संपते. मी माझ्या मुलींची नावं अजून दिलेली नाहीत. त्या कलमाचं काय ठरतं, ते आपल्या कार्यालयाकडून कळलं की देईन.

आपला नम्र,
मुलांचा एक धावण्याचा प्रशिक्षक