शाळांची तुलना रंगरंगोटीवरून नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी खेड्यापाड्यांत घरोघरी एकच चर्चा असते: पोराला कोणत्या शाळेत टाकायचं? गावातली जिल्हा परिषदेची शाळा, शेजारच्या गावातली बक्षीस मिळालेली जिल्हा परिषदेचीच शाळा, की सकाळी पारापर्यंत गाडी पाठवणारं कॉन्व्हेंट? मी नागपूर जिल्ह्यात शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट असलेल्या एका केंद्रावर देखरेख ठेवणारा, म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही गावातली माणसं विचारतात, "गुरुजी, थे शाळा चांगली की हे?" या प्रश्नाचं उत्तर आपण सगळेच चुकीच्या गोष्टी पाहून देतो, म्हणून हे पत्र.

शाळांची तुलना सुरू झाली की अक्षरं-चित्रं रंगवलेली बोलकी भिंत, डिजिटल वर्ग, फाटक, बाग आणि पट एवढंच समोर येतं. युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही शाळेची माहिती कोणालाही पाहता येते, ही चांगली सोय आहे. पण तिथे प्रामुख्याने दिसतं ते शाळेकडे काय आहे: खोल्या, स्वच्छतागृह, वीज, पाणी, संगणक, शिक्षक. तिसरीतली पोरगी धडा वाचून त्यात काय सांगितलंय ते सांगू शकते का, हे त्या शाळेच्या पानावर कळत नाही. आईबापाला हवं असतं नेमकं तेच.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाचंच घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असला तर दोन शिक्षक मिळतात. ५८ पटाच्या शाळेत एका शिक्षकामागे २९ मुलं येतात. ३० च्या आत, कागदावर सगळं ठीक. पण वर्ग पाच आणि शिक्षक दोन! एक गुरुजी पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत घेऊन बसतात. तिसरीला फळ्यावर हातच्याची वजाबाकी दिलेली असते, दुसरी पाढे उतरवत असते, आणि गुरुजी पहिलीतल्या पोराचा हात धरून 'क' गिरवून घेत असतात. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या ताई आजचा पट विचारायला दारात येतात, कारण तांदूळ त्यावर मोजायचा असतो. तिकडे तिसरीतल्या निम्म्या पोरांनी हातचा घेतलेलाच नसतो, आणि ते पाहायला गुरुजींना वेळ मिळेपर्यंत सुट्टीची घंटा होते. दुसऱ्या बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्या असतील तर पाचही वर्ग एकाकडे. १२ पटाच्या शाळेत तर एका शिक्षकामागे सहाच मुलं, म्हणजे आकड्यात ती जिल्ह्यातल्या मोठ्या शाळांच्या पुढे! अशी तुलना ऐकून त्या गुरुजींना काय वाटत असेल?

पटाचंही तसंच आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून बरेचसे हिशेब होतात. पण दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. काही गावांतली कुटुंबं मुलांसह कामावर निघून जातात, आणि भट्ट्यांजवळच्या शाळांत वर्षाच्या मध्येच नवी मुलं येऊन बसतात. कुही, भिवापूरकडे गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनात गावंच्या गावं उठली. रामटेक तालुक्यात देवलापारच्या पट्ट्यात पहिलीतल्या कितीतरी मुलांच्या घरी गोंडी बोलतात, पुस्तक मात्र मराठी. त्या मुलाला आधी गुरुजींचं बोलणं समजावं लागतं, मग अक्षर. अशा शाळेला नागपूर शहराजवळच्या कामठी रस्त्यावरच्या शाळेशेजारी उभं करून 'मागे पडली' म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो त्या मुलांवरही आहे, कारण शाळेचं नाव खराब झालं की ज्यांना जमतं ते पोर काढून नेतात, पट घसरतो, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद जातं, आणि उरलेल्यांना उरलेल्या एका गुरुजींवर भागवावं लागतं.

तुलनाच करू नये असं मी म्हणत नाही. ती हवीच. ढिसाळ शाळा मी पाहिल्या आहेत आणि परिस्थितीचं कारण पुढे करून काही न करणारे शिक्षकही पाहिले आहेत. म्हणूनच सारख्याशी सारखं जोडून पाहावं: त्याच केंद्रातल्या, जवळपास तेवढ्याच पटाच्या, तेवढ्याच शिक्षकांच्या दोन शाळा घ्याव्यात. मूल जुलैत कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं ते पाहावं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं ठरलं आहे. हे घड्याळ लावून कोणत्याही आईला ओसरीवर बसून तपासता येतं. मुलाला अनोळखी उतारा द्यावा, पाठ झालेला धडा नको. शिक्षक वर्षात किती दिवस प्रत्यक्ष वर्गात होते, हेही तितकंच महत्त्वाचं. माझ्या मते रंगापेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

हे विचारायची जागाही कायद्यानेच दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनेक गावांत सभेचं इतिवृत्त घरोघरी सह्यांसाठी फिरतं आणि सभा झाली असं धरलं जातं. पालकांनी सभेला बसावं आणि तिसरीतली किती मुलं वाचतात ते विचारावं, शक्य तर तिथेच मुलांकडून वाचून घ्यावं. गुरुजींनाही त्याचा आधार होतो. पद रिक्त आहे, हे ते एकटे वर कितीदा सांगणार? गावाने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला तर निदान त्याची नोंद होते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपण ग्रामीण पानावर सजलेल्या शाळांची छायाचित्रं छापता, ती जरूर छापा. सोबत एकाच केंद्रातल्या दोन साध्या शाळा निवडा, आपल्या वार्ताहराला जुलैत एक दिवस तिसरीच्या वर्गात मागे बसवा, आणि मार्चमध्ये त्याच वर्गात पुन्हा पाठवा. त्याने जे ऐकलं ते छापा.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, नागपूर