पाकिटावरचा शिक्का

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ग्रामीण डाकसेवक म्हणून ३१ वर्षं आमच्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांवर टपाल वाटलं. त्यामुळे पाकीट हातात आलं की नजर आधी पत्त्यावर जाते, मग तारखेच्या शिक्क्यावर. गेल्या महिन्यात माझ्याच दारात औद्योगिक क्षेत्राच्या भूसंपादनाची नोटीस आली. नाव वडिलांचं. ते १९९८ साली वारले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं लागली, तो फेरफार सरकारी दप्तरातच आहे. नोटिशीवर तारीख ३, पाकिटावर टपालाचा शिक्का १५ चा आणि सुनावणी १८ ला. मधले बारा दिवस ते पाकीट टपालात पडून नव्हतं, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

जमीन चासकमान धरणाच्या डाव्या कालव्याखालची. ऊस, कांदा, जनावरांपुरता घास. धरणाच्या लाभक्षेत्रात असल्यामुळे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा वर्षानुवर्षं होता. थोरलीच्या लग्नाला अर्धा एकर विकायला निघालो तेव्हा तलाठ्यांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवून परत पाठवलं. ज्यांची घरं धरणात गेली त्यांच्यासाठी ही जमीन राखलीय म्हटल्यावर मीही गप्प बसलो. लग्न कर्ज काढून केलं.

नोटिशीच्या आधीच्या दीड वर्षात मात्र त्याच शिवारात बाहेरच्या लोकांनी जमिनी घेतल्या. तारेची कुंपणं पडली, एक दाणा पेरला नाही. माझ्या अर्ध्या एकराला आडवा आलेला शेरा त्यांना कसा आडवा आला नाही, हे मी दोनदा अर्ज करून विचारलं. उत्तर नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात ओलिताची, एकाहून जास्त पिकं देणारी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असं कलम १० आहे. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा बरं वाटलं होतं. मग वकिलांनी सांगितलं, संपादन १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यानं होतंय. २०१८ च्या राज्याच्या दुरुस्तीनं मोबदला आणि पुनर्वसन तेवढं नव्या कायद्याचं लागतं, ओलिताचं कलम लागत नाही. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस दुसऱ्या दारानं आत येतो.

कारखान्यांशी माझं वैर नाही. धाकटा मुलगा रांजणगावला कामाला आहे, त्याच्या पगारावर आमचं ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं.

पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ‘बागायत देणार नाही’ असा ठराव हात वर करून झाला. हात मी स्वतः मोजले, ११४ होते. इतिवृत्ताची नक्कल आली त्यात एकच ओळ: ‘औद्योगिक क्षेत्राबाबत चर्चा करण्यात आली.’ सरपंच म्हणतात, लिहिणाऱ्यानं लिहिलं. लिहिणारे म्हणतात, वरून सांगितलं तसं लिहिलं.

सुनावणीला गेलो. मांडवात दोन पंखे, एक टेबल, बाहेर रांग. हरकत घेतली आणि माझ्या प्रतीवर ‘मिळाले’ असा गोल शिक्का मारून दिला. आवक क्रमांक नाही, सही नाही. मी म्हणालो, साहेब, रजिस्टरच्या पावतीवर नंबर नसेल तर ती पावती होत नाही. साहेब हसले आणि पुढच्याला बोलावलं. माझ्या मागे शेजारच्या काकू होत्या, त्यांच्या नोटिशीवर सासऱ्यांचं नाव. काकूंचंच वय ७४.

माझं मागणं लहान आहे. संपादनात जाणाऱ्या गटांचे गेल्या तीन वर्षांतले सगळे फेरफार, घेणाऱ्याच्या नावासकट, चावडीच्या फलकावर लावा. मयतांच्या नावच्या नोटिसा रद्द करून वारसांना नव्यानं काढा आणि सुनावणी पुन्हा घ्या. प्रत्येक हरकतीला आवक क्रमांक द्या. याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी. टाचण्या माझ्याकडून घ्या.

मोजणीवाल्यांनी बांधावर लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकल्यात. यंदा कांद्याचं रोप टाकायचं की नाही यावर घरात आठवडाभर खल चालला. शेवटी मंडळींनी बी भिजत घातलं आणि खुंट्यांच्या अलीकडे वाफे धरले.

— एक निवृत्त डाकसेवक, जि. पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)