हस्तांदोलनाआधी मतांची टक्केवारी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि चीनच्या नेत्यांची भेट झाली की आपल्याकडे दोनच प्रकारचे मथळे दिसतात. एक तर ‘बर्फ वितळला’, नाही तर ‘पुन्हा दगा होणार’. ऑक्टोबर २०२४ मधल्या रशियातील कझानच्या आणि ऑगस्ट २०२५ मधल्या चीनमधील तियानजिनच्या भेटीनंतर हेच झाले. हे दोन देश समोरासमोर येतात ते केवळ लडाखमध्ये नव्हे. वर्षाचे बाराही महिने डझनभर आंतरराष्ट्रीय संस्थांत त्यांचे प्रतिनिधी एकाच टेबलाभोवती असतात. तिथे कोण सहकार्य करील आणि कोण पाचर मारील, हे बव्हंशी त्या संस्थेच्या मतदानाच्या नियमांवरून आधीच सांगता येते. आपली चर्चा नेमकी तिथवर पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

सर्वांत स्पष्ट उदाहरण न्यू डेव्हलपमेंट बँकेचे आहे. ब्रिक्सच्या पाच देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका) २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्टालेझा इथे तिचा करार केला. अधिकृत भांडवल १०० अब्ज डॉलर, सुरुवातीची वर्गणी ५० अब्ज, म्हणजे प्रत्येकी १० अब्ज. चीनची अर्थव्यवस्था दक्षिण आफ्रिकेच्या कितीतरी पट मोठी असूनही दोघांचे मत सारखेच ठेवले गेले आणि नकाराधिकार कुणालाच मिळाला नाही. नवे सदस्य कितीही आले तरी संस्थापकांचा एकत्रित वाटा ५५ टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. महत्त्वाच्या निर्णयाला पाचपैकी चार संस्थापकांची संमती लागते आणि शिवाय एकूण दोनतृतीयांश मते. मुख्यालय शांघायला गेले, पण पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत झाले. सीमेवर तणाव असतानाही या बँकेचे काम अडले नाही, कारण ते अडवण्याचे हत्यार एकट्या कुणाच्या हातात ठेवलेलेच नाही.

त्याच फोर्टालेझात ब्रिक्सच्या संकटकालीन राखीव निधीचाही करार झाला. परकीय चलनाची टंचाई आलेल्या सदस्याला त्यातून डॉलर मिळायचे. त्याचे आकडे मात्र वेगळे आहेत. १०० अब्जांपैकी चीनचे ४१, भारत, ब्राझील आणि रशियाचे प्रत्येकी १८ आणि दक्षिण आफ्रिकेचे ५ अब्ज. मदतीच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या समितीत मते बव्हंशी याच प्रमाणात मोजली जातात, त्यामुळे चीनकडे जवळपास ४० टक्के आणि भारताकडे १८ टक्के मते येतात. खरी मेख पुढे आहे. भारताला जास्तीत जास्त १८ अब्ज डॉलर उचलता येतात, पण त्यातले स्वतःच्या निर्णयाने फक्त ३० टक्के, म्हणजे ५.४ अब्ज. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी आधी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असावा लागतो. नाणेनिधीला पर्याय म्हणून गाजावाजा झालेली ही व्यवस्था अशी नाणेनिधीच्याच दारात नेऊन सोडते. यंदा, २०२६ मध्ये, ब्रिक्सचे अध्यक्षपद भारताकडे आहे. विषयपत्रिकेत एकच आर्थिक मुद्दा रेटायचा असेल, तर ३० टक्क्यांची ही मर्यादा वाढवण्याचा असावा. मात्र तिच्याबरोबर स्वतःची पाहणी आणि मूल्यमापन यंत्रणाही उभी करावी लागेल, कारण कर्ज घेणाऱ्याची पत तपासणारे कुणी नसेल तर सर्वांत मोठी रक्कम देणारा चीन ही वाढ कधीच मान्य करणार नाही. त्याची ती भीती रास्तही आहे.

आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत चीनकडे सुमारे २६ टक्के मते आहेत. अध्यक्षाची निवड, भांडवलवाढ, बँकेच्या घटनेतील दुरुस्ती अशा मोठ्या निर्णयांना तीनचतुर्थांश मते लागतात, म्हणजे तिथे चीनला व्यवहारात नकाराधिकार आहे. पण रोजच्या कर्जमंजुरीला साधे बहुमत पुरते. या एका फरकामुळे काय होते ते २०२० मध्ये दिसले. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात भारताचे २० जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ जूनला, बीजिंगमध्ये मुख्यालय असलेल्या याच बँकेशी भारताने कोविडच्या मुकाबल्यासाठी ७५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार केला. अनेकांना ही विसंगती वाटली, काहींनी हा विश्वासघात ठरवला. मुळात ते कर्ज चीनने दिलेले नव्हते. दुसऱ्या क्रमांकाच्या भागधारकाने आपल्याच संस्थेकडून नियमानुसार घेतलेले ते कर्ज होते.

याच्या अगदी उलटे चित्र सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीत दिसते. दहशतवाद्यांच्या जागतिक यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव आला की पंधरा सदस्यांना दहा कामाचे दिवस मिळतात. कुणी हरकत घेतली नाही तर नाव यादीत जाते, आणि एकाने जरी ‘रोखून धरा’ म्हटले की थांबते. ही रोख सहा महिने चालते आणि आणखी तीन महिने वाढवता येते. कारण जाहीरपणे सांगावे लागत नाही. जैश-ए-महंमद ही संघटना २००१ पासून यादीत असताना तिचा म्होरक्या मसूद अझहर याचे नाव मे २०१९ पर्यंत अडकले ते याच पद्धतीमुळे.

ते शेवटी सुटले कसे, हे फारसे सांगितले जात नाही. मार्च २०१९ मध्ये चीनने पुन्हा रोख लावल्यावर अमेरिकेने समितीला वळसा घालून सुरक्षा परिषदेसमोरच ठरावाचा मसुदा ठेवला. आता चीनला बंद खोलीत गप्प राहून भागणार नव्हते, उघड सभागृहात जगासमोर हात वर करून नकार द्यावा लागणार होता. १ मे रोजी रोख मागे घेतली गेली. मतदान उघड होण्याची नुसती शक्यता इतके करून गेली, तर मागणीही त्याच दिशेने हवी: रोखून धरणाऱ्या सदस्याने लेखी कारण द्यावे आणि मुदत संपल्यावर ते सर्व सदस्य देशांना कळवावे. ही कार्यपद्धती समितीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ती बदलायला संयुक्त राष्ट्रांची सनद उघडावी लागत नाही, मात्र पंधराही सदस्यांचे एकमत लागते. म्हणून हा बदल एका बैठकीत होणार नाही. दरवेळी रोख लागली की तो पुन्हा पुन्हा मांडत राहावे लागेल.

सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वाचे गणित जास्त अवघड आहे, पण अशक्य नाही. सनदेच्या १०८व्या कलमानुसार दुरुस्तीला आमसभेत दोनतृतीयांश, म्हणजे १९३ पैकी १२९ मते लागतात. त्यानंतर तितक्याच देशांचे अनुसमर्थन, म्हणजे मायदेशातली रीतसर मंजुरी, लागते आणि त्यात पाचही कायम सदस्य हवेत. पाचांपैकी चौघांनी भारताला उघड पाठिंबा दिला आहे, चीनने दिलेला नाही. चीनची खरी चाल मात्र त्याआधीची आहे. परिषदेच्या सुधारणेवर चालणाऱ्या आंतरशासकीय वाटाघाटींत लेखी मसुदाच समोर येऊ द्यायचा नाही, म्हणजे मतदानाची वेळच येत नाही. इथे १९६३ आठवावे. परिषदेचे सदस्य ११ वरून १५ करण्याच्या ठरावावर आमसभेत मतदान झाले तेव्हा फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात होते, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरीही ठराव ९७ मतांनी मंजूर झाला आणि त्याच बड्या देशांनी अनुसमर्थन दिल्यामुळे ३१ ऑगस्ट १९६५ रोजी दुरुस्ती अमलात आली. एकदा बहुसंख्य देश लेखी ठरावामागे उभे राहिले की एकटे आडवे पडणे महाग जाते. त्यामुळे बीजिंगची संमती मिळवण्यात जितकी शक्ती आपण घालतो, तितकीच आफ्रिकी गटाच्या ५४ मतांवर घालायला हवी. २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळवून दिले, तो योग्य मार्ग होता. त्याच आफ्रिकी देशांशी मसुद्यातील एकेका वाक्यावर बसण्याचे काम बाकी आहे. नकाराधिकार नव्या कायम सदस्यांना पहिल्या दिवसापासून हवा की नको, याच मुद्द्यावर २००५ मध्ये ही जुळणी फसली होती.

नाणेनिधीबाबत भारत आणि चीनला एकाच पारड्यात टाकले जाते, तेही तपासून पाहावे. चीनकडे सुमारे ६.१ टक्के मते आहेत, भारताकडे २.६. अमेरिकेकडे १६.५ आहेत आणि कोटा (देशाची वर्गणी आणि मते ठरवणारा वाटा) बदलायला ८५ टक्के लागतात, म्हणून अमेरिकेला एकट्याने अडवता येते. कोटा ठरवण्याच्या सूत्रात निम्मा भार देशाच्या उत्पन्नाला आहे (त्यात ६० टक्के बाजारदराने, ४० टक्के क्रयशक्तीनुसार) आणि ३० टक्के भार अर्थव्यवस्थेच्या खुलेपणाला. निर्यातीवर उभ्या असलेल्या चीनला हा खुलेपणा लाभतो, भारताला क्रयशक्तीचा भार वाढलेला हवा आहे. दोघेही ‘विकसनशील देशांचा वाटा वाढवा’ म्हणतात, पण सूत्राचा कागद पुढे आला की त्यांचे हित वेगळे होते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांचा कोटा सारखाच ५० टक्क्यांनी वाढला, वाटे मात्र जिथल्या तिथे राहिले. आता एक बेरीज करून पाहण्यासारखी आहे. ब्रिक्सच्या जुन्या पाच देशांची एकत्रित मते १४ टक्क्यांच्या जरा वर होती. इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त, इराण आणि इथिओपिया आल्यावर ती १६ टक्क्यांपलीकडे गेली, म्हणजे कोटाबदल अडवायला लागणारी १५ टक्क्यांची रेषा ओलांडली गेली. वाटे न बदलणारी पुढची कोटावाढ हे देश एकत्र आले तर रोखू शकतात. त्यासाठी भारत आणि चीनला सूत्राबाबत आधी आपसांत ठरवावे लागेल, आणि ती चर्चा शिखर परिषदेच्या घोषणापत्रात होत नसते. ती अर्थखात्यांच्या पातळीवर आकडे मांडूनच होते.

कर्जबुडव्या देशांच्या प्रश्नात दोघांची कार्यशैली किती वेगळी आहे, हे श्रीलंकेने दाखवले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. नाणेनिधीकडून सुमारे ३ अब्ज डॉलर मिळायचे तर आधी मोठ्या सावकार देशांनी कर्ज सवलतीची लेखी हमी द्यायची होती. भारताने ती जानेवारी २०२३ मध्ये सर्वांआधी दिली. चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने पहिल्या पत्रात केवळ दोन वर्षांची स्थगिती देऊ केली. ती पुरेशी नव्हती. पुढचे पत्र मार्चमध्ये आले आणि त्यानंतरच, २० मार्चला, नाणेनिधीने मंजुरी दिली. पुढे भारत, जपान आणि फ्रान्सच्या सहअध्यक्षतेखाली सावकार देशांची समिती बनली. चीन तिच्यात आला नाही, त्याने स्वतंत्र करार केला. अशा वेळी अडते ते ‘समान वागणुकी’च्या अटीवर. एकाने मुद्दल माफ करायचे आणि दुसऱ्याने फक्त मुदत वाढवायची, तर पहिल्याने सोडलेला पैसा दुसऱ्याच्या हप्त्यात जातो. एकमेकांच्या अटी दिसल्याशिवाय कुणीच हलत नाही, आणि तोवर त्या देशात औषधांचा तुटवडा चालू राहतो. भारत आणि चीन दोघेही पॅरिस क्लब या मुख्यतः श्रीमंत सावकार देशांच्या गटाबाहेरचे मोठे सावकार आहेत. कर्जाच्या अटी परस्परांना दाखवण्याचा साधा द्विपक्षीय समझोता त्यांनी केला तरी छोट्या शेजारी देशांचे महिने वाचतील.

जागतिक व्यापार संघटनेबद्दल थोडक्यात. तिथे निर्णय एकमताने होतात. जुलै २०१७ मध्ये दोघांनी मिळून श्रीमंत देशांच्या १६० अब्ज डॉलरच्या शेती अनुदानांविरुद्ध प्रस्ताव दिला होता, तर २०२४ मध्ये अबुधाबीत चीनने पुढे रेटलेला गुंतवणूक सुलभीकरणाचा करार भारताने रोखला. एकमताच्या नियमाचा उपयोग इथे आपण केला, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

आता ब्रह्मपुत्रा. हा विषय या पत्रात मुद्दाम आणला आहे, कारण इथे नियमच नाहीत. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा १९९७ चा करार आमसभेत १०३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या तिघांत चीन होता आणि भारत तटस्थ राहिला. त्यामुळे दोघांमध्ये बंधनकारक चौकट नाही, होते ते केवळ माहिती देण्याचे समझोते. ब्रह्मपुत्रेचा २००२ मध्ये, सतलजचा २००५ मध्ये झाला. तिबेटमधील नुगेशा, यांगकुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरची पाणीपातळी, प्रवाह आणि पाऊस यांच्या नोंदी १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात मिळत आणि भारत त्याचे शुल्क भरत असे. २०१७ मध्ये, डोकलाममध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली त्या वर्षी, या नोंदी आल्या नाहीत. २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या समझोत्याची मुदत संपली, सतलजची त्याआधीच संपली होती. जुलै २०२५ मध्ये चीनने याच नदीवर तिबेटमधील मेदोगजवळ सुमारे ६०,००० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. त्यानंतर ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या प्रसंगी मानवतेच्या भूमिकेतून माहिती देण्याचे चीनने मान्य केले, पण आणीबाणी कशाला म्हणायचे हे ठरवणार वरच्या अंगाचा देशच.

नव्या समझोत्यात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नोंदी बाराही महिने मिळाव्यात, कारण धरणातून सोडलेले पाणी पावसाळ्याची वाट पाहत नाही. मेदोगच्या खालच्या अंगाला, सीमेजवळ, आणखी एक केंद्र असावे. दरवाजे उघडण्याची सूचना किती तास आधी मिळणार, हे आकड्यात असावे. आणि सीमेवर काहीही घडले तरी माहिती थांबणार नाही, असे कलम असावे. ब्रह्मपुत्रेचे पाणी पुढे बांगलादेशात जाते, म्हणून हीच माहिती त्याच वेळी ढाक्याला देण्याची तयारी आपणही दाखवावी. १५ मेच्या आत हे झाले, तर यंदाच्या पुरात आसामच्या काठावरील गावांना त्याचा उपयोग होईल.

आपला,
आंतरराष्ट्रीय संबंधांचा एक अभ्यासक