बाबा, एमआरआयची घाई नको

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तेच तेच विचार डोक्यात घोळतात म्हणून तुम्ही मेंदूचा एमआरआय काढणार, असं आई म्हणाली. पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ असेल, रक्तस्राव झाला असेल, एखादा भाग आकसला असेल तर ते कळतं. विचार त्यात दिसत नाहीत. संशोधक वापरतात तो फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि तो फरक यंत्र दर दोनेक सेकंदांनी टिपतं.

अमेरिकेत मार्कस रेकल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की माणूस नुसता पडून असला तरी मेंदू स्वस्थ नसतो. कपाळामागचा मधला भाग आणि पार मागचा मधला भाग तेव्हा जोरात चालतात. स्वतःविषयीचे विचार, जुन्या आठवणी यांच्याशी हे भाग जोडलेले आहेत. हातात काम आलं की ते मंदावतात. नैराश्यात ते हवे तितके मंदावत नाहीत, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. विचारांचा रवंथ म्हणतो तो बहुधा यातलाच.

पण हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. २०१९ मध्ये चीनमधल्या नैराश्याच्या १३०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तर वारंवार नैराश्य येणाऱ्यांत या भागांमधली जोडणी, म्हणजे त्यांचं एका लयीत चालणं, उलट कमी भरली. एकट्या माणसाचा स्कॅन बघून निदान करता येत नाही ते यामुळेच. हां, विसरभोळेपणा वाढला, वागणं अचानक बदललं, हातापायातली ताकद गेली किंवा डोक्याला मार लागला, तर डॉक्टर स्वतःच एमआरआय सांगतील.

रवंथ सुरू झाला की 'असं का झालं?' हा प्रश्न सोडा, त्याला शेवट नाही. 'उद्या सकाळी नेमकं काय करायचं?' असं विचारा आणि उत्तर कागदावर लिहा: कुठे जायचं, किती वाजता, कोणता कागद न्यायचा. काळजीसाठी संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटं ठेवा, झोपताना मात्र नको. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून बसा. आई, 'कशाला एवढा विचार करता?' म्हणू नकोस, आणि तोच विषय दोघांनी तासभर उगाळूही नका. भाजी निवडायला दे त्यांना.

२०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात झाडीतून दीड तास चालल्यावर हा रवंथ कमी झाला, गर्दीच्या रस्त्याने चालून झाला नाही. म्हणून लक्ष्मीपुरीच्या गर्दीतून नको, रंकाळा तलावावर जा. गुडघे सांभाळतील तेवढंच चाला.

दोन आठवडे रोज उदास वाटलं, भूक-झोप बिघडली, तर सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. थायरॉईड आणि बी-१२ तपासा. जगणं नकोसं वाटलं तर वाट बघू नका, लगेच मला फोन करा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतही बोलता येतं.

नैराश्यावरची गोळी सुरू झाली तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तुमच्या वयात जास्तही. मनाने बंद करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर धोका वाढतो. चक्कर आली, बोलण्यात गोंधळ झाला तर त्याच दिवशी रक्त तपासा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका.

तुमची,
ताई