पवनचक्की फिरली, आभार!

लेकीच्या विज्ञान प्रदर्शनातली पवनचक्की फिरली आणि दिवाही लागला. ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्यांचे हे जाहीर आभार.

भंगारवाल्या चाचांनी बिघडलेल्या प्रिंटरमधली डीसी मोटर काढून दिली, पैसे घेतले नाहीत. तिचा दांडा हाताने फिरवला की उलट तीच वीज देते, हे तिथंच मीटर लावून दाखवलं. ‘सायकलचा डायनॅमो नको, मंद वाऱ्यात हलायचा नाही,’ हा सल्लाही त्यांचाच. प्लंबरदादांनी चार इंची पीव्हीसी पाइपातून तीन पाती कापली. पाइपची गोलाईच पात्याला हवा तो बाक देते.

आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर भेटलेले पवनचक्कीवाले तंत्रज्ञ! हातातला चहा बाजूला ठेवून त्यांनी पोरीला समजावलं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं. (पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास. म्हणून आमचा दिवा लाल.)

शिपाईमामांनी गच्चीची किल्ली दिली नसती, तर टेबलफॅनपुढेच उरकावं लागलं असतं.

चाचा, मोटर परत हवी असेल तर सांगा. पोरगी देईल असं मात्र वाटत नाही.