सूचना : अबू नुहास डाईव्ह, ‘कर्नाटिक’

सर्व सदस्यांना नमस्कार. लाल समुद्राच्या सफरीतली उद्याची पहिली डाईव्ह अबू नुहास या प्रवाळखडकाजवळ बुडालेल्या ‘कर्नाटिक’वर आहे. ब्रीफिंग सकाळी 6 वाजता, डेकवर. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची ही आगबोट सुएझहून आपल्या मुंबईलाच निघाली होती. सप्टेंबर 1869 मध्ये, म्हणजे सुएझ कालवा उघडायच्या दोनच महिने आधी, ती या खडकावर चढली. कप्तानाला वाटलं, बोट टिकेल आणि कंपनीचीच ‘सुमात्रा’ येऊन सगळ्यांना उचलेल. म्हणून प्रवासी बोटीवरच राहिले. दुसरी रात्र उलटल्यावर सकाळी बोट मधोमध मोडली. 31 जण दगावले. ‘सुमात्रा’ आली, पण नंतर. बोटीवर चाळीस हजार पौंडांचं सोनं होतं. त्यातलं बरंचसं पाणबुड्यांनी तेव्हाच काढलं, त्यामुळे उगाच वाळू उकरू नका!

खोली सुमारे 27 मीटर. डेकच्या फळ्या कधीच कुजल्या, लोखंडी फासळ्या तेवढ्या उरल्यात. त्यातून ऊन आत उतरतं आणि काचमाशांचे थवे दिसतात. फासळ्यांना धरू नका, मऊ प्रवाळ मोडतं. बाटलीचा तुकडासुद्धा वर आणायचा नाही.

भग्नावशेष खडकाच्या उत्तर अंगाला आहेत, तिथे लाटांचा मारा असतो. आपली बोट दक्षिणेला आडोशाला राहील, पलीकडे रबरी होडीने जायचं. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी आज रात्रीच सांगावं. वारा वाढला तर डाईव्ह रद्द. त्यावर वाद नको.

टॉर्च आत्ताच चार्जिंगला लावा.

– सफर समन्वयक